लहरी ऑगस्ट आणि परसातली फळे

ब्रिटनमधील उन्हाळा ऑगस्टमध्ये उताराला लागलेला असतो आणि घरामागच्या बागेतील बहुतेक फळे नेमकी त्याच काळात भरत आणि पिकत असतात. त्यामुळे अखेरच्या पाच-सहा आठवड्यांत आभाळ कसे वागते, यावर तेथील हौशी बागाईतदाराच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल ठरतो. हा देश ढोबळमानाने 50 ते 60 उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे कॅनडातील थंड लॅब्राडोरच्या रांगेत येतो. तरीही अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाह आणि त्यावरून वाहत येणारे पश्चिमी वारे यांच्यामुळे तेथे सफरचंद, नासपती, प्लम (आलुबुखार), ब्लॅकबेरी आणि उबदार भिंतीच्या आडोशाला अंजीरसुद्धा पिकते. परंतु जो समुद्र ही ऊब देतो, तोच हवामानाला स्थिर राहू देत नाही. अझोर्स बेटांच्या बाजूने येणारी उष्ण, दमट हवा, ग्रीनलंडकडून येणारी थंड हवा आणि युरोप खंडावरून येणारी तापलेली, कोरडी हवा यांची ब्रिटनवर सतत सरशी आणि माघार चालू असते, आणि त्यांतील कोणती हवा वरचढ ठरेल हे बव्हंशी जेट प्रवाहावरून, म्हणजे सुमारे नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यावरून ठरते. हा पट्टा ब्रिटनच्या उत्तरेला राहिला तर उघडीप मिळते. तो दक्षिणेला सरकला की कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक येत राहतात.

इंग्लंडमधील लोकसमजुतीनुसार 15 जुलै या सेंट स्विदिनच्या दिवशी पाऊस पडला तर पुढे 40 दिवस, म्हणजे 24 ऑगस्टपर्यंत, पाऊस हटत नाही. सलग 40 दिवस अशी झड लागल्याचे नोंदींत आढळत नाही, पण या समजुतीच्या मुळाशी खरे निरीक्षण असावे असे मानायला जागा आहे, कारण जुलैच्या मध्याला जेट प्रवाह ज्या स्थितीत बसतो, त्या स्थितीच्या आसपास पुढे काही आठवडे रेंगाळण्याकडे त्याचा कल असतो. ब्रिटनमधील 2012 चा उन्हाळा याच कारणाने शंभर वर्षांतील सर्वांत ओला ठरला. याच्या जोडीला दिवस झपाट्याने आखडत जातात: लंडनमध्ये 1 ऑगस्टला दिवस सुमारे 15 तास 25 मिनिटांचा असतो, तो महिनाअखेर 13 तास 40 मिनिटांच्या आसपास येतो. भोवतालचा समुद्र मात्र ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात वर्षातील सर्वांत उबदार अवस्थेला पोहोचतो, त्यामुळे हवेत बाष्प भरपूर आणि रात्र लांबत चाललेली, अशा मेळातून पहाटेचे दाट दव पडू लागते. फळझाडांच्या दृष्टीने ऊन, पाणी आणि दव यांचा हा बदलता हिशेब सरासरी तापमानापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा ठरतो.

व्हिक्टोरिया जातीच्या प्लमवर हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ससेक्स परगण्यातून प्रसार पावलेली ही जात स्वतःच्याच परागांनी फळ धरते, म्हणून एकच झाड लावण्याएवढी जागा असलेल्या घरांत ती लोकप्रिय झाली. दोन-तीन आठवडे पाऊस नसेल तर फळाची वाढ मंदावते आणि सालीच्या पेशींची ताणली जाण्याची क्षमता घटते, तर गराच्या पेशींत मात्र शर्करा साठतच राहते. अशा वेळी एखाद्या रात्री जोराचा पाऊस झाला की मुळांनी ओढलेले पाणी परासरणाने, म्हणजे शर्करेच्या दाट द्रावणाकडे आपोआप खेचले जाण्याच्या गुणधर्माने, गरात घुसते. शिवाय ओल्या सालीवरच्या सूक्ष्म चिरांतूनही थोडे पाणी आत झिरपते, आणि आतला दाब न सोसल्याने फळ देठाच्या बाजूने उभे तडकते. तडकलेल्या फळावर मोनिलिनिया ही बुरशी दोन-तीन दिवसांत बस्तान बसवते: प्रथम नाण्याएवढा मऊ तपकिरी डाग दिसतो, मग त्यावर फिकट पिवळसर पुटकुळ्या एकाबाहेर एक अशा वर्तुळांत उमटतात, आणि शेवटी फळ सुरकुतून काळसर होते पण गळून पडत नाही. फांदीला चिकटून राहिलेले हे वाळके फळच पुढच्या वसंतात बीजाणूंचे उगमस्थान बनत असल्यामुळे ते हिवाळ्यापूर्वी काढून टाकणे ही कोणत्याही फवारणीपेक्षा मोलाची कामगिरी आहे. याच सुमारास फुटक्या फळांवर गांधीलमाश्यांची गर्दी का होते, याचेही उत्तर ऋतूच्या उतारात सापडते. उन्हाळाभर या माश्या अळ्यांना किडे आणून भरवतात आणि अळ्या त्या बदल्यात गोड स्राव देतात. पोळ्यातील अळ्या संपत आल्या की कामकरी माश्यांना साखरेसाठी बाहेर भटकावे लागते.

पाण्याच्या चढउतारांना घरगुती झाडे अधिक बळी पडतात, त्यामागे फलोद्यानशास्त्राचे एक मोठे यशच कारणीभूत आहे. बियांपासून किंवा जोमदार खुंटावर वाढलेले सफरचंदाचे झाड सात-आठ मीटर उंच होऊन छोट्या परसात मावत नसे. केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे 1913 मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने युरोपभर वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या खुंटांची छाननी करून त्यांचे वर्गीकरण केले, आणि त्यातून ‘एम 9’ हा झाडाला ठेंगणे ठेवणारा खुंट जगभर पोहोचला. पुढे मर्टन येथील जॉन इन्स संस्थेच्या सहकार्याने ‘एमएम 106’सारखे, मुळांवरील लोकरी माव्याला दाद न देणारे खुंट तयार झाले. ठेंगण्या खुंटावरचे झाड दोन-अडीच मीटरवर थांबते आणि दोन-तीन वर्षांत फळ देऊ लागते, पण त्याची मुळे उथळ आणि विरळ असल्यामुळे जमिनीचा वरचा थर सुकताच त्याला ताण जाणवतो आणि पहिल्या सरीने त्याला एकदम पाणी मिळते. म्हणूनच बुंध्यापासून थोडे अंतर सोडून कंपोस्टचे जाड आच्छादन घालणे आणि रोज वरवर शिंपण्याऐवजी आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत पोहोचेल एवढे पाणी देणे, या दोन कामांनी ऑगस्टमधील निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. टोमॅटोच्या बुडाशी पडणारा काळा, चामड्यासारखा चट्टा हाही रोग नसून पाण्याच्या अनियमिततेचाच परिणाम असतो: कॅल्शियम हे मूलद्रव्य पाण्याबरोबरच झाडात वर चढते, त्यातला मोठा वाटा बाष्पोत्सर्जन करणारी पाने ओढून घेतात, आणि पाणी कमी पडले की फळाच्या टोकापर्यंत ते पोहोचतच नाही.

टोमॅटोचा खरा शत्रू मात्र करपा. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या जलबुरशीने 1845 पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक बुडवून भयंकर दुष्काळ ओढवला, आणि बटाट्याचा भाऊबंद असलेल्या टोमॅटोवरही ती तेवढ्याच त्वेषाने तुटून पडते. पानावर पाण्याने भिजल्यासारखा तपकिरी डाग आणि दमट सकाळी त्याच्या कडेने, पानाच्या खालच्या बाजूला, पांढरी लव दिसली की आठवडाभरात उघड्यावरचे सगळे झाड काळे पडू शकते. या रोगाचे भाकीत हवामानावरून करता येते, आणि स्कॉटलंडमधील जेम्स हटन संस्थेत ठरवण्यात आलेले निकष 2017 पासून वापरात आहेत: सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले आणि त्या प्रत्येक दिवशी किमान सहा तास सापेक्ष आर्द्रता 90 टक्क्यांच्या खाली आली नाही, तर धोका सुरू झाला असे समजतात. त्यापूर्वी अनेक दशके प्रचलित असलेल्या स्मिथ निकषांत आर्द्रतेची ही मर्यादा 11 तासांची होती. रोगाला लागणारी ओल पूर्वीच्या समजापेक्षा कमी असल्याचे या बदलातून मान्य झाले. ज्या बागेत टोमॅटोवर काचेचे किंवा प्लास्टिकचे छप्पर असते तेथे पाने कोरडी राहतात आणि रोग बराच काळ दूर राहतो.

पिकणे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ब्रिटिश सफरचंदाचा वाटा मोठा आहे. केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी 1920 च्या दशकात साठवणीतील सफरचंदांचा श्वसनवेग मोजला, तेव्हा पिकण्याच्या सुरुवातीला तो अचानक उसळी घेतो असे त्यांना आढळले. या उसळीला त्यांनी ‘क्लायमॅक्टेरिक’ म्हटले. पिकणारे सफरचंद इथिलीन वायू सोडते हे रिचर्ड गेन यांनी 1934 मध्ये रासायनिक पुराव्याने सिद्ध केले. कोकणात आंब्याची अढी घालतात तेव्हा गवतात कोंडलेला हाच वायू एका फळाकडून दुसऱ्याला पिकण्याचा निरोप देत असतो, आणि सफरचंद, नासपती, प्लम, टोमॅटो ही आंब्याप्रमाणेच काढल्यानंतरही पिकणारी फळे आहेत. ब्लॅकबेरी, स्ट्रॉबेरी आणि द्राक्ष यांच्यात ही उसळी येत नाही. ती झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच राहतात, त्यामुळे पावसाच्या भीतीने ती लवकर खुडण्यात काहीच फायदा नसतो. किड आणि वेस्ट यांच्या संशोधनाच्या आधारे, प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवून श्वसन मंदावणारे पहिले व्यापारी साठवणगृह 1929 मध्ये केंटमध्ये उभे राहिले.

घरच्या बागेत काढणीची वेळ ओळखण्यासाठी मात्र तळहात पुरतो. सफरचंद हाताच्या ओंजळीत घेऊन किंचित वर उचलून हलकेच पिळले आणि ते देठासकट सहज सुटले तर देठाच्या बुडाशी विलगस्तर, म्हणजे फळाला फांदीपासून वेगळे करणारा कमकुवत पेशींचा थर, तयार झाला आहे असे समजावे. ज्याला अधिक नेमके पाहायचे असेल त्याने फळ आडवे कापून त्यावर आयोडीनचे पातळ द्रावण लावावे: कच्च्या फळात स्टार्च सर्वत्र असल्याने सगळा काप निळा-काळा होतो, आणि फळ जसजसे पाडाला येते तसतसा बियांच्या कप्प्याभोवतीचा भाग पांढरा राहून ते पांढरेपण बाहेर पसरत जाते, कारण तेथील स्टार्चची शर्करा होऊन गेलेली असते. नासपतीच्या बाबतीत वाट पाहणे घातक ठरते. ती आतून बाहेर पिकते, आणि झाडावर मऊ लागेपर्यंत ठेवली तर गाभा तपकिरी होऊन जातो, म्हणून ती टणक असतानाच काढून घरात पिकवावी आणि देठाजवळचा भाग अंगठ्याला थोडा दबू लागला की खावी.

ब्रिटिश सफरचंदाची चव आणि त्याच्या सालीवरची लाली ही मंद उन्हाची आणि थंड होत जाणाऱ्या रात्रींची देणगी आहे. रात्री गार असल्या की श्वसनात आम्ले कमी खर्च होतात आणि सालीत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य अधिक बनते. नुसत्या गोडीऐवजी गोड-आंबटाचा जो तोल कॉक्ससारख्या जातीत मिळतो तो उष्ण प्रदेशात साधणे अवघड जाते. हाच तोल आता उष्णतेच्या लाटांनी ढळू लागला आहे. ब्रिटनमधील तापमानाचा त्या वेळचा उच्चांक, 38.5 अंश, 10 ऑगस्ट 2003 रोजी केंटमधील फेव्हरशॅमजवळच्या ब्रॉगडेल येथे नोंदला गेला, आणि योगायोग असा की देशाचा राष्ट्रीय फळसंग्रह त्याच ठिकाणी आहे. सफरचंदाच्या 2,000 हून अधिक जाती तेथे शेजारी-शेजारी जोपासल्या जातात. पुढे 19 जुलै 2022 रोजी लिंकनशरमधील कॉनिंग्सबी येथे पारा 40.3 अंशांवर गेला. अशा उन्हात उघड्या फळाच्या सालीचे तापमान हवेपेक्षा दहा अंशांहून अधिक चढते, साल भाजून तिच्यावर तपकिरी चट्टे पडतात, आणि टोमॅटोत 30 अंशांपुढे लायकोपीन हे लाल रंगद्रव्य बनणेच थांबल्यामुळे फळाचे खांदे पिवळे राहतात. जातींचा तो संग्रह या दृष्टीने अमोल आहे, कारण बदलत्या हवामानात कोणती जात केव्हा फुलते आणि केव्हा पिकते याची तुलना एकाच मातीत आणि एकाच आभाळाखाली करता येते.

चालू हंगामाची फळे झाडावर असतानाच पुढच्या वर्षीच्या फूलकळ्याही उन्हाळ्याच्या मध्यापासून घडत असतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. वाढत्या बियांतून निघणारी जिबरेलिन ही संप्रेरके कळ्यांचे फूलकळ्यांत रूपांतर होऊ देत नाहीत, म्हणून फळांनी लगडलेले आणि विरळणी न केलेले सफरचंदाचे झाड पुढच्या वर्षी जवळजवळ रिकामे राहते. भिंतीलगत आडव्या फांद्यांत वळवलेल्या झाडांची उन्हाळी छाटणीही याच हेतूने केली जाते: चालू वर्षाचे लांब फुटवे तळाच्या पानांच्या झुबक्यापुढे तीन पाने ठेवून कापतात, म्हणजे उजेड आत पोहोचतो आणि राहिलेल्या डोळ्यांत फूलकळी धरते. दक्षिण इंग्लंडमध्ये नासपतीसाठी जुलैचा उत्तरार्ध आणि सफरचंदासाठी ऑगस्टचा तिसरा आठवडा ही वेळ योग्य मानतात, कारण त्याआधी कापल्यास एखादा ओला ऑगस्ट नव्या फुटव्यांना चेतवतो आणि ते कोवळे लाकूड हिवाळ्यात मरते.

प्लमची छाटणी तर उन्हाळ्यातच करावी लागते, कारण चंदेरी पान या रोगाच्या बुरशीचे बीजाणू मुख्यतः शरद आणि हिवाळ्यातील ओल्या हवेत सुटतात आणि ताज्या जखमेतून लाकडात शिरतात, तर उन्हाळ्यातील जखमा लवकर भरून येतात. ऑगस्टच्या अखेरीस अटलांटिकवरील चक्रीवादळांचे अवशेष ब्रिटनवर येऊन धडकतात, 25 ऑगस्ट 1986 रोजी ‘चार्ली’ असेच सुट्टीच्या सोमवारी कोसळले होते, आणि तेव्हा फळांनी वाकलेल्या व्हिक्टोरियाच्या फांद्या बुंध्याशी चिरफाळतात. अशा फांद्यांना आधीच दुबेळक्याचा टेकू द्यावा. मोडलीच तर कोरड्या दिवशी ती स्वच्छ करवतीने कापावी, कापलेल्या तोंडावर तपकिरी डाग आहे का ते पाहावे, आणि डाग असल्यास तो संपतो त्याच्याही दहा-पंधरा सेंटिमीटर पलीकडे, निरोगी लाकडात, पुन्हा कापून ते तुकडे बागेबाहेर जाळून टाकावेत.