विद्या कीं नुसता दाखला ?

बारामती व इंदापूरच्या पेठांतील व्यापाऱ्यांस एक गोष्ट नव्यानें सांगावयास नको. वजनें व तराजू एकदां विकत घेतले म्हणजे काम भागत नाहीं. ठरलेल्या मुदतीनें ते तपासून त्यांवर सरकारी छाप मारून घ्यावा लागतो. वजन झिजतें, कांटा सरकतो, आणि तोटा गिऱ्हाइकास होतो. मग ज्या परिचारिकेच्या हातीं आपण लेकीसुनांचें बाळंतपण सोंपवितों, तिच्या विद्येस वरचेवर उजाळा कां मिळूं नये ?

नियम नाहीं असें नव्हे. भारतीय परिचर्या परिषदेनें नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं पांच वर्षांत १५० तासांचें निरंतर शिक्षण ठरविलें आहे. हें फार झालें, असें कोणी म्हणेल तर आम्ही एकच उदाहरण देतों. बाळंतिणीचें रक्त किती गेलें हें नजरेनें अजमावण्याची रीत पुष्कळ काळ चालत आली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत मात्र तें मापाच्या खुणा असलेल्या पिशवींत मोजून, धोका दिसतांच सर्व उपचार एकदम सुरू करण्याचा प्रयोग झाला. २०२३ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें. तीव्र रक्तस्राव व त्यापायीं होणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यु यांचें प्रमाण नेहमींच्या रीतीपेक्षां ६० टक्क्यांनीं घटलें ! दहा वर्षांपूर्वीं पदविका घेतलेल्या परिचारिकेस हें कोणी शिकवावयाचें ?

येथेंच खरी मेख आहे. अट परिचारिकेस आहे. तिला पगारी रजा देण्याची अट त्या नियमांत रुग्णालयाच्या धन्यास नाहीं. भिगवणच्या एखाद्या लहान खासगी रुग्णालयांतील बाई वर्गासाठीं पुण्यास गेली, तर दिवसाचा पगार बुडावयाचा आणि प्रवासखर्चहि पदरचा. मग तास कसेबसे भरले जातात, विद्या बाजूस राहते आणि दाखला तेवढा हातीं येतो. हा दोष तिचा नव्हे, आपला आहे.

१९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघालें. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं त्या संस्थेनें स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण मिळवून दिलें, तेव्हां समाज ह्या कामास हलकें लेखीत होता. तरी संस्थेनें समाजाचें मन वळण्याची वाट पाहिली नाहीं.

आज बारामतींत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. १५० तास म्हणजे महिन्यास अवघे अडीच तास. तेवढा वर्ग दरमहा बारामतींत व इंदापूरच्या सरकारी रुग्णालयांत भरवावा. खासगी रुग्णालयांनीं पगारी रजा द्यावी. खर्चाचा वांटा साखर कारखाने, बाजार समित्या व व्यापारी मंडळें यांनीं उचलावा. ऊसतोडीच्या फडावरील गरोदर बाईहि शेवटीं ह्याच परिचारिकेच्या दारीं येते, हें कारखानदारांनीं विसरूं नये.

खोट्या वजनानें गिऱ्हाइकाचें पावशेर धान्य जातें. शिळ्या विद्येनें घरचें माणूस जातें. यांतील कोणती तपासणी अधिक निकडीची, हें आमच्या वाचकांनींच ठरवावें.