दगडी पाला: माळावरचा परदेशी पाहुणा

माळावर, बांधावर, अगदी पार्किंगच्या फरशीच्या फटीतही हा उगवतो. कुठे एकदांडी म्हणतात, कुठे कंबरमोडी. वीतभर लांब दांड्यावर एकच फूल: मध्ये पिवळी चकती, कडेला बहुधा पाच फिकट पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. भिंगातून बघाच!

खुरपताना विळा लागला की पाला चुरगाळून रस जखमेवर पिळायचा, हे गावाकडे पोरांनाही ठाऊक. गंमत म्हणजे ही वनस्पती इथली नाहीच, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. तरी आपल्या लोकांनी तिला औषधांत सामावून घेतलं, याचं मला जाम कौतुक वाटतं.

जखम खोल असेल तर मात्र पाल्यावर विसंबू नका. सरळ दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.