झेब्र्याचा झगा आणि अर्धपोटी माशी

घोड्याला झेब्र्यासारखा पट्टेदार झगा घाला, चावऱ्या माश्या फिरकणार नाहीत, अशी बातमी अधूनमधून मोबाइलवर येते. बातमी खोटी नाही, अर्धवट आहे. टिम कॅरो आणि मार्टिन हाऊ यांच्या चमूने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधल्या घोड्यांना काळे, पांढरे आणि पट्टेदार झगे घालून पाहिले होते. माश्या घिरट्या सगळ्यांभोवतीच घालत. पट्टे दिसले की मात्र त्यांना वेळेवर वेग आवरता येईना. काही आदळत, काही तशाच पुढे जात. घोड्यांचं डोकं उघडं होतं; तिथे त्या सगळ्यांवर सारख्याच बसल्या! शिवाय या प्रयोगात मोजल्या त्या माश्या, आजारी घोडे नव्हेत.

आजाराचा विषय निघाला की मला ग्रिफिथ इव्हान्स आठवतात. हे वेल्श पशुवैद्य १८८०मध्ये डेरा इस्माईल खान इथे लष्कराचे घोडे का मरताहेत ते बघायला गेले. घोड्यांना ‘सर्रा’ झाला होता: येणारा-जाणारा ताप, पायांना सूज, अंगात रक्त नाही. इव्हान्स यांना रक्तात वळवळणारे सूक्ष्मजीव दिसले. ते रक्त निरोगी जनावरांना टोचलं, तर तीही आजारी पडली. यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा? तरी हे जीव निरुपद्रवी आहेत, असं म्हणत जाणत्या मंडळींनी त्यांना उडवून लावलं. पुढे असेच जीव आफ्रिकेतली त्से-त्से माशी पसरवते, हे दाखवल्यामुळे डेव्हिड ब्रूस यांचं नाव गाजलं. इव्हान्स मात्र शंभरी गाठूनही तळटीपेतच राहिले.

सर्ऱ्याचा हा परजीवी त्याच चावऱ्या माश्यांमार्फत, म्हणजे घोडेमाश्यांमार्फत पसरतो; पण माशीच्या पोटात तो वाढत नाही. सोंडेला लागलेल्या रक्तात थोडा वेळ तग धरतो. एकच सुई न धुता रांगेने सगळ्यांना टोचावी, तसा हा प्रकार. या माशीचा चावा भलताच झोंबतो. घोडा कातडी थरथरवतो, शेपटी मारतो. अर्धपोटी माशी उडते आणि उरलेलं जेवण शेजारच्या घोड्यावर उरकते. शेजारचा घोडा लांब असला, तर ती बहुधा पहिल्यावरच परत बसते.

म्हणून झग्यापेक्षा माझा भरवसा अंतरावर. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणूही याच माश्या असाच पसरवतात. अमेरिकेत बाधित घोडा जिवंत ठेवायचा, तर इतरांपासून किमान २०० यार्ड दूर, तोही जन्मभर. सर्ऱ्यावर औषधं आहेत, लस नाही. तेव्हा बाजारातून आणलेला घोडा रक्त तपासल्याशिवाय पागेत इतरांशेजारी बांधू नये.