मोबाइलच्या बॅटरीचे जुने नियम आणि गोव्याचा उकाडा

डिचोलीच्या बाजारात नवा फोन घेतला, की खोक्याबरोबर एक सल्ला फुकट मिळतो: पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, आणि पुढे बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जर जोडू नका. दुकानदाराने सांगितले नाही तर शेजारचे काका सांगतात. हा सल्ला एके काळी बरोबरही होता. जुन्या जाडजूड हँडसेटांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या अर्धवट उतरवून पुन्हापुन्हा भरल्या, की लवकर दम टाकू लागत. म्हणून पूर्ण उतरवून भरायची पद्धत पडली. बॅटरी बदलली, पद्धत तशीच राहिली. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. आज प्रत्येकाच्या खिशात हीच बॅटरी आहे, आणि तिच्या बाबतीत काकांचा नियम नेमका उलटा पडतो.

लिथियम-आयनला शून्यापर्यंत जाणे मानवत नाही. वीस-पंचवीस टक्क्यांवर आली की लावावी, ऐंशीच्या आसपास काढली तरी चालते. मधेच काढल्याने एक ‘सायकल’ वाया जाते, ही समजूतही चुकीची आहे. सकाळी पन्नास टक्के आणि संध्याकाळी पन्नास टक्के भरले तर दोन्ही मिळून एकच सायकल धरतात. पहिल्या दिवशीच्या आठ तासांना तर काही अर्थच नाही.

पूर्ण उतरवण्याचा खरा फटका बसतो तो तारवट्यांच्या घरी. जहाजावर जाताना इथला फोन कपाटात टाकून द्यायचा आणि सात-आठ महिन्यांनी काढायचा, ही सवय अनेकांची आहे. बंद फोनची बॅटरीही थोडी थोडी उतरत राहते. ती आधीच शून्यावर असेल तर इतकी खाली जाते, की नंतर चार्ज घेतच नाही. शंभर टक्के भरून ठेवणेही बरे नाही. निम्मी भरावी, फोन बंद करावा आणि घरातल्या थंड, कोरड्या जागी ठेवावा.

आता रात्रभर चार्जिंग. ‘ओव्हरचार्ज होऊन फुटेल’ ही भीती सर्वांत मोठी, आणि तिला अलीकडे सॅमसंगच्या नोट ७ चे उदाहरण जोडले जाते. ते फोन २०१६ मध्ये पेटले, कंपनीने परत घेतले, हे खरे. पण चौकशीत दोष निघाला तो बॅटरीच्या रचनेत आणि जोडणीत; आतल्या आत शॉर्ट होत होते. रात्रभर लावल्याचा तो परिणाम नव्हता. चांगल्या फोनमधले सर्किट बॅटरी भरली की पुरवठा थांबवते. म्हणजे रात्री लावून झोपल्याने स्फोट होत नाही. तोटा दुसरा आहे, आणि तो हळूहळू होतो: तासन्‌तास शंभर टक्क्यांवर राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि सोबत उष्णता असेल तर फारच लवकर.

बॅटऱ्यांच्या अभ्यासकांत वापरात असलेले काही आकडे पाहा. बॅटरी २५ अंश तापमानात ४० टक्के भरून वर्षभर ठेवली तर तिची ९६ टक्के क्षमता उरते. शंभर टक्के भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ३३-३४ वर असतो, पण फोनला हवामान खात्याचे तापमान लागू होत नाही. तो काच लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर असतो, किंवा उशीखाली चार्जिंगला.

मोटारसायकल पायलटचा फोन बघा. हँडलवरच्या स्टँडवर, डोक्यावर ऊन, स्क्रीनचा उजेड पूर्ण, नकाशा चालू, आणि गाडीच्या पोर्टवरून चार्जिंगही चालू. बॅटरीला तापवण्याच्या सगळ्या तऱ्हा एकाच ठिकाणी. डिलिव्हरीच्या पोरांचेही तेच. दीड-दोन वर्षांत मागचे झाकण एका बाजूने उचललेले दिसते. खालून बॅटरी फुगलेली असते. मग दोष चार्जरला. खरे तर कव्हर काढणे, चार्जिंग सावलीत उभे असताना करणे आणि फोनमध्येच असलेली ८० टक्क्यांची मर्यादा चालू करणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणारे महाभाग आहेत. गोव्याच्या दमट हवेत तो बाहेर काढला की आतूनबाहेरून दव धरतो. नसलेले दुखणे विकत घ्यायचा हा प्रकार.

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरणारा एक निरोप सांगतो, की शेवटची रेघ उरली असताना फोन घेऊ नका, तेव्हा रेडिएशन हजार पटीने वाढते. बॅटरीच्या रेघेचा याच्याशी काही संबंध नाही. फोन किती जोराने लहरी सोडतो ते सिग्नलवर ठरते. टॉवर जवळ असेल तर फोन हळू बोलतो, लांब असेल तर ओरडतो. चार-जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट असते, आणि भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची मर्यादा किलोमागे १.६ वॅट अशी घातली आहे. आपल्या फोनचा आकडा बघायचा असेल तर डायलपॅडवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. बहुतेक फोनांवर तो दिसतो.

पेडण्यात याचा अनुभव रोज येतो. केरी-तेरेखोलच्या बाजूला किंवा डोंगराच्या आडोशाच्या वाड्यांवर सिग्नल एका रेघेवर अडतो, तेव्हा फोन पूर्ण ताकदीने टॉवर शोधत बसतो आणि दुपारपर्यंत निम्मा होतो. घरचे म्हणतात बॅटरी गेली. तोच फोन म्हापशाला नेला की रात्रीपर्यंत टिकतो! पत्रादेवीच्या नाक्यावर ‘रोमिंग लागते म्हणून बॅटरी खाते’ असेही म्हणतात. गोवा आणि महाराष्ट्र हे मोबाइलसाठी एकच सर्कल आहे, त्यामुळे बांद्याला गेल्याने रोमिंग लागत नाही. मधल्या पट्ट्यात सिग्नल पातळ असेल तर बॅटरी जाते ती त्याने. अशा ठिकाणी घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करावे. जिथे रेघच नाही, तिथे काम नसताना विमान मोड.

काही समजुती पटापट उरकता येतील. उघडलेली ॲप सारखी झटकून बंद केल्याने बॅटरी वाचत नाही. तेच ॲप पुन्हा मुळापासून उघडायला जास्त खर्च होतो. डार्क मोडचा उपयोग ओएलईडी स्क्रीनवरच होतो, स्वस्त एलसीडीवर नाही. शिवाय उजेड ३० ते ५० टक्क्यांवर असेल तर बचत ३ ते ९ टक्क्यांची, असे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजले. उजेड पूर्ण ठेवला तरच ती चाळिशीत जाते. मोबाइल वीज ओढून घेतो, हेही खरे नाही. मात्र मिरगाच्या आधी वीज कडाडत असताना चार्जरला जोडलेला फोन कानाला लावू नये. धोका भिंतीतल्या वायरमधून येतो.

पावसात आणि समुद्रात भिजलेल्या फोनचे मात्र सविस्तर सांगायला हवे. फोन भिजला की तांदळाच्या डब्यात. उकडा की सुरय, यावरही मतभेद आढळतात! तांदूळ फोनच्या आतले पाणी ओढत नाही. दोन दिवसांत फोन आपोआप थोडाफार वाळतो आणि श्रेय तांदळाला जाते. ॲपलने २०२४ मध्ये आपल्या सूचनांत तांदूळ वापरू नका असे स्पष्टच लिहिले, कारण त्याचा भुगा आत जातो. रिपेरीच्या टेबलावर असा फोन उघडताना बघावा. चार्जिंग पिनमध्ये तांदळाची कणी अडकलेली, बोर्डवर पांढरी धूळ, आणि पिनच्या टोकांना हिरवट थर. तो थर गंजाचा. मेकॅनिक ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो खरवडतो, पण दोन दिवस तांदळात गेले असतील तर बोर्डवरचे बारीक भाग तोवर खाल्लेले असतात.

मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर आयपी ६८ वाला फोन घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांसाठी: या पाणीरोधक दर्जाची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते आणि किती खोल, किती वेळ हे कंपनी ठरवते. खारे पाणी वीज सहज वाहून नेते आणि धातू झपाट्याने गंजवते. फोन जुना झाला, पडला, एकदा उघडला, की झाकणाचे रबर आणि गोंद पूर्वीसारखे राहत नाहीत. खाऱ्या पाण्यात पडला तर ताबडतोब बंद करावा. पाणीरोधक असेल तर हलक्या धारेच्या गोड्या पाण्याने धुवावा, पुसावा, पिन खाली करून वाऱ्यावर ठेवावा आणि चार्जरच्या जवळही नेऊ नये. हेअर ड्रायर नको. पाणीरोधक नसेल तर त्याच दिवशी दुकान गाठावे.

मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागल्यापासून पॉवर बँकेचा प्रश्न पेडण्याच्या दारात आला आहे. ‘पेटू शकते म्हणून मोठ्या बॅगेत टाका’ हा सल्ला घातक आहे. ती हातातल्या बॅगेतच हवी. केबिनमध्ये धूर निघाला तर तो दिसतो आणि विझवता येतो, सामानाच्या कप्प्यात नाही. परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतची चालते. वीस हजार एमएएचला ३.७ व्होल्टने गुणले तर ७४ वॅट-तास येतात, म्हणजे नेहमीची पॉवर बँक बसते.

‘दुसऱ्या कंपनीचा चार्जर नकोच’ हेही अर्धेच खरे. आजचे टाइप-सी चार्जर आणि फोन किती वीज द्यायची-घ्यायची ते आपसांत ठरवतात. कंपनी वेगळी चालेल, नकली नको. चार्जरवर आणि बॅटरीवर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर घालून खरा की खोटा ते तपासता येते. ‘ओरिजिनल’ लिहिलेला चकाकता स्टिकर कोणीही छापतो.

आणि फुगलेली बॅटरी. झाकण दाबून बसवू नका, टोचून हवा काढायचा विचारही नको; आत हवा नसते, पेट घेणारा वायू असतो. फोन बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही आणि दुकानात न्यायचा. काढलेली बॅटरी पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जाता कामा नये, कारण गाडीत चेंगरली तर ती तिथे पेटते. ती दुकानातच सोडून यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.