प्रिंटरला मध्यस्थ कशाला?

सीएचं ऑफिस असो, वकिलाचं असो की आर्किटेक्टचं, तिथले पाच-सहा कॉम्प्युटर एका जातीचे क्वचितच असतात. हिशेबाच्या टेबलावर विंडोज १०, नव्या लॅपटॉपवर विंडोज ११, डिझाइन करणाऱ्याकडे मॅक, लायसन्सचा खर्च टाळायला एखाद्यावर उबंटू. प्रिंटर मात्र एकच, तोही यूएसबी केबलने कुणा एकाच्या कॉम्प्युटरला जोडलेला आणि तिथून बाकीच्यांना ‘शेअर’ केलेला. तो कॉम्प्युटर ज्याचा, तो मशीन बंद करून रजेवर गेला की सगळ्यांचं प्रिंटिंग बंद. एरवीही प्रिंट आली नाही की बोलणी प्रिंटरला बसतात, हार्डवेअरवाला येतो, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो, आणि काही दिवसांनी त्यालाच पुन्हा फोन जातो. खरा दोष बहुतेक वेळा या मांडणीत असतो. छोट्या ऑफिसने कॉम्प्युटरमार्फत प्रिंटर शेअर करणं आता सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या काही वर्षांत काय घडलं ते पाहा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने धुमाकूळ घातला तो फाइल आणि प्रिंटर शेअर करण्याच्या जुन्या एसएमबी-१ पद्धतीतल्या भोकातून. त्याच वर्षाच्या अखेरीस विंडोज १० च्या नव्या आवृत्तीतून ही पद्धत आपोआप बसवली जाणं थांबलं आणि विंडोज एक्सपीवरचे शेअर नव्या मशीनना दिसेनासे झाले. २०२१ च्या जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ प्रकरण आलं. विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधूनच कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर उतरवून घ्यायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागू लागली. सप्टेंबरच्या अपडेटने दोन मशीनमधल्या प्रिंटिंगच्या संभाषणावर कडक पडताळणी बसवली आणि ११बी वर संपणारा तो कुप्रसिद्ध एरर जगभरच्या ऑफिसांत झळकला. २०२४ च्या विंडोज ११ प्रोमध्ये पासवर्डाशिवाय ‘गेस्ट’ म्हणून शेअरमध्ये शिरणंही बंद झालं. यातला प्रत्येक निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होता, पण प्रत्येक वेळी कात्री लागली ती याच मांडणीला. यापुढेही लागेल.

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करा, प्रिंट येते.’ येते, हे खरं आहे. पण तो आकडा शून्य करणं म्हणजे ती पडताळणीच काढून टाकणं. अशिलांचे पॅन आणि बँकेचे तपशील ज्या मशीनवर आहेत, त्यांच्यावर असला उपाय करणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. अपडेट काढून टाकण्याचा सल्ला तर त्याहून वाईट.

यापेक्षा प्रिंटर थेट राउटरला जोडावा आणि प्रत्येक मशीनने त्याच्याशी स्वतः बोलावं. त्यासाठीची सामाईक भाषा नवी नाही. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, १९९९ पासून आहे. लिनक्सवरचं कप्स हे सॉफ्टवेअर तीच भाषा बोलतं आणि २००२ पासून मॅकचं प्रिंटिंगही कप्सवरच चालतं. २०१० साली आलेल्या ॲपलच्या एअरप्रिंटचा पायाही हाच. विंडोज ११ ला तर ती येतेच, आणि कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून वाटणं टप्प्याटप्प्याने थांबवू, असं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे.

नेटवर्कवरचा प्रिंटर कधीच रुसत नाही असं नाही, पण त्याचे रुसवे ओळखीचे असतात. राउटर त्याला उद्या वेगळा आयपी ॲड्रेस देतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता एकदा राखून ठेवला की हा त्रास संपतो. विंडोज आपणहून बऱ्याचदा ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट निवडतं आणि चालू प्रिंटरला ‘ऑफलाइन’ म्हणत राहतं. तिथे पत्ता घालून साधा टीसीपी/आयपी पोर्ट बनवावा. तरीही ऑफलाइनच दिसला तर त्या पोर्टमधली एसएनएमपीची खूण काढून पाहावी. मॅकला प्रिंटर दिसतच नसेल तर तो पाहुण्यांच्या वायफायवर आहे का ते आधी बघावं, कारण प्रिंटर शोधणारी हाक त्या भिंतीपलीकडे जात नाही. कुठलाही ड्रायव्हर काढण्याआधी ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकावा. त्याचं पान उघडलं तर वाट मोकळी आहे, घोटाळा त्या मशीनच्या रांगेत किंवा सेटिंगमध्ये आहे. कधी तर सगळं ठीक असतं, फक्त फाइल ‘लेटर’ मापाची असते आणि ए-४ कागद भरलेला प्रिंटर दिवा लुकलुकवत वाट पाहत असतो.

‘आमचा कॅनन एलबीपी २९०० उत्तम चालतो, तो टाकून देऊ?’ हा आक्षेप रास्त आहे. टिकाऊपणात त्या प्रिंटरला तोड नाही. पण त्याला नेटवर्क नाही, आणि पान तयार करण्याचं बरंचसं काम तो कॅननच्या खास ड्रायव्हरमार्फत कॉम्प्युटरकडूनच करून घेतो. तो टाकू नये, एका टेबलापुरता ठेवावा. स्टेपल किंवा पिन नंबर टाकून प्रिंट काढण्यासारख्या सोयींना कंपनीचा ड्रायव्हर लागत असेल, तर तो ज्याला गरज आहे त्याच्याच मशीनवर घालावा. नेटवर्कवरचा प्रिंटर असुरक्षित, ही भीतीही खोटी नाही. त्याचा कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड बदला, आणि बाहेरच्या इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत वाट उघडू नका.

पुढचा प्रिंटर घेताना दुकानदार पानामागे किती पैसे पडतील ते सांगेलच. तुम्ही खोक्यावर ‘नेटवर्क’ आणि त्यासोबत ‘एअरप्रिंट’ किंवा त्याच धर्तीचं ‘मोप्रिया’ लिहिलं आहे का ते पाहा. नसेल तर दुसरं मॉडेल मागा.