माथेरानचे इंजिन, बेडफर्डशायरचे हात

नेरळला उतरून माथेरानच्या छोट्या गाडीत बसलेली मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही नावे त्यांना अजून ओळीने म्हणता येतील. वाफेच्या इंजिनांच्या काळात ही गाडी ओढणाऱ्या चार इंजिनांपैकी एक इकडे, इंग्लंडमध्ये आले आहे. बेडफर्डशायरमधल्या लेटन बझर्ड गावच्या नॅरोगेज रेल्वेवर ते दुरुस्त झाले आणि पुन्हा वाफेवर धावले. त्याचा क्रमांक ७४०.

माथेरानचा मार्ग आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधला आणि तो १९०७ साली सुरू झाला. इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची. वीस फुटांत एक फूट चढणारा घाट आणि जागोजागी वळणे, म्हणून यांची पुढची व मागची चाके वळणावर थोडी बाजूला सरकतील अशी खास केलेली आहेत. पुढे डिझेल आले आणि १९८० नंतर ही इंजिने घरी बसली. लेटन बझर्डच्या रुळांची रुंदीही माथेरानसारखीच दोन फूट, त्यामुळे पाहुण्याची सोय झाली.

हा इकडचा मार्ग १९१९ सालचा, वाळूसाठी टाकलेला. पहिल्या महायुद्धात बेल्जियमची वाळू येईनाशी झाली आणि इथल्या खाणींना दिवस आले. नंतर वाळू लॉरीने जाऊ लागली व रूळ ओस पडू लागले. तेव्हा काही हौशी लोकांनी १९६८ पासून तिथे उतारूंची गाडी चालवायला घेतली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने मोठ्या मार्गांवरची वाफ संपवली, हा योगायोग. स्वयंसेवकांनी रेल्वे चालवायची ही कल्पना मात्र त्याआधीची. वेल्समधल्या टॅलिथ्लिन रेल्वेवर १९५१ साली तिची सुरुवात झाली.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे काम. आपल्या घरच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी असे. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा केलेला बंबच, फक्त एका नळीऐवजी कितीतरी नळ्या आणि झाकण पक्के बंद. पहिली गाडी सकाळी दहाची असेल तर कोणीतरी पहाटेच शेडमध्ये हजर हवे. आदल्या दिवशीची राख काढायची, धुराड्याखालच्या पेटीतली काजळी उपसायची, नळ्यांतून ब्रश फिरवायचा, मग लाकडे आणि तेलाच्या चिंध्यांवर जाळ धरायचा. घाई करून चालत नाही. लोखंड एकदम तापले की ताण पडतो आणि सांधे गळू लागतात. वाफ चढेपर्यंत काही तास जातात. तेवढ्यात एकेका सांध्यात तेल घालायचे, पितळ पुसायचे. बंबात जसा क्षाराचा थर बसतो तसा इथेही बसतो, म्हणून ठराविक दिवसांनी बॉयलर आतून धुवावा लागतो. ओलसर, काळे, पाठ मोडणारे काम. पगार शून्य.

सुरुवात सगळ्यांची क्लीनर म्हणूनच होते. मग परीक्षा देत फायरमन, आणि काही वर्षांनी ड्रायव्हर. बँकेत मॅनेजर असलेला गृहस्थ रविवारी निवृत्त फिटरच्या हाताखाली चिंधी घेऊन उभा, असे दृश्य या देशात कोणत्याही हेरिटेज रेल्वेवर दिसते. आपल्याकडे अशा वेळी मानपान आडवा येतो, हे मला नेहमी जाणवते.

खरी काळजी पुढचीच आहे. विम्याचा तपासनीस दरवर्षी बॉयलर पाहतो आणि साधारण दहा वर्षांनी तो पूर्ण उघडावा लागतो: नळ्या काढायच्या, पत्रे तपासायचे, नेहमीपेक्षा जास्त दाबाने पाण्याची चाचणी घ्यायची. पैसे देणगीतून उभे राहतात, पण ते काम ज्यांच्या बोटांत आहे ती पिढी म्हातारी होत आहे. नळीचे तोंड किती फुलवायचे हे पुस्तकात वाचून येत नाही. कोळशाचेही तसेच. दक्षिण वेल्समधली फोस-ई-फ्रान ही मोठी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून बाहेरून आणलेला किंवा कारखान्यात गोळे करून बनवलेला कोळसा वापरावा लागतो, आणि दर सारखा टोचतो.

भुसावळ, इगतपुरी किंवा परळच्या रेल्वे वर्कशॉपात ज्यांचे वडील-आजोबा होते, अशी घरे आपल्या मंडळातही निघतील. त्यांच्याकडचे हे ज्ञान कोणी लिहूनही घेतले नाही. मुले सुट्टीत घरी कंटाळतात, त्यांना एकदा शेड दाखवावी. ज्यांना चिंधी हातात घ्यावीशी वाटेल त्यांनी वयाची अट विचारून नाव नोंदवावे.

गाडी पेजेस पार्क स्टेशनवरून सुटते आणि नव्या वस्त्यांमधून, रस्ते ओलांडत सुमारे तीन मैल जाते. शेवटच्या स्थानकाचे नाव स्टोनहेंज वर्क्स. ते एका जुन्या वीटकारखान्याचे नाव आहे, तेव्हा मोठे दगड पाहायला मिळतील म्हणून पाहुण्यांना नेऊ नये. त्या दिवशी कोणते इंजिन वाफेवर आहे ते आधी फोन करून विचारावे, ७४० रोज निघत नाही. आणि पांढरे कपडे घालू नयेत.