शेजारच्या बाकावरची गोष्ट

१९६७ साली इंग्लंडमधले मिल्टन कीन्स नवनगर म्हणून घोषित झाले. त्याच वर्षी मुंबईत अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ ही चित्रकथांची मालिका सुरू झाली. मिल्टन कीन्समधल्या मराठी घरातले मूल आज ती टॅबवर वाचते. पण वर्गातल्या सोमाली मित्राची गोष्ट तिच्यात कुठून येणार? त्यासाठी आहे ‘मीट द सोमालीज’. ‘पॉझिटिव्ह निगेटिव्हज’ या संस्थेची, लिंडसे पोलॉक यांनी चितारलेली ही ऑनलाइन मालिका लंडन, लेस्टरसह युरोपातल्या ७ शहरांतल्या १४ खऱ्या कथा सांगते. विषय जड आहेत, तेव्हा मोठ्या मुलांसोबतच आणि शेजारी बसून वाचा. चित्रकथेत दोन चौकटींमधली मोकळी जागा वाचणाऱ्यालाच भरावी लागते. तिथे घाई नको. एखाद्या चेहऱ्यापाशी थांबून विचारा, ‘हा गप्प का झाला असेल?’